विहिरीपर्यंतची भिंत

५ मे १९५६, शनिवार

प्रिय शालीक,

सोमवार, ३० एप्रिल १९५६, सकाळी आठ वाजून दहा मिनिटं. या वेळी माझ्या भिंतीवर सिमेंटचं पहिलं घमेलं पडलं. मी तेव्हा नागपुरात होते. वेळ सुकरामच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी सांगितली. त्यांच्या घरी घड्याळ नाही, पण चांद्याकडे जाणाऱ्या गाडीची शिटी ऐकून त्या भात चढवतात. "गाडी बोंबलली, न् तुमच्या भाच्यानं थापलं," हे त्यांचे शब्द. तक्रार लिहिताना आधी तारीख, मग वेळ आणि मग राग, असं आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर आग्नेस शिकवत. तारीख आणि वेळ झाली.

अक्षर मोठं आलं आहे आणि ओळी उतरल्या आहेत. त्यावर काही बोलू नकोस. टाक नवा आहे.

तू हे प्रेमानं केलंस हे मला कळतं, आणि म्हणूनच जास्त चीड येते. दुष्टपणानं केलं असतंस तर मी दोन ओळींत मोकळी झाले असते. स्वतःच्या घराच्या फरशीसाठी परवान्यावर मिळवलेलं सिमेंट तू बैलगाडीत घालून इथे आणलंस, गवंडी आणलास, तीन दिवस उन्हात उभा राहिलास. म्हातारी आत्या परत येईल आणि खूश होईल, असं तुला वाटलं. दारात तुझी चिठ्ठी मिळाली. "आत्या, आता शंभर वर्षं काळजी नको. काही दगड बाहेर आले होते, तेही छिनून सरळ केले." शिवाय ओल्या गिलाव्यात थापीनं माझं नाव आणि साल. जिवंत बाईचं नाव भिंतीवर कोरायची एवढी घाई कशाला, हे मला सांग.

तू ओव्हरसियर आहेस, त्यामुळे ही भिंत कशी उभी राहिली हे तुला ठाऊक असायला हवं होतं. तू कधी विचारलं नाहीस, म्हणून आता सांगते. एकावन्न साली मी मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवरून उठले आणि इथे आले. पहिल्याच पावसात मागचा उतार न्हाणीत येऊन बसला. दुसऱ्या वर्षी मी सुकरामला बोलावलं. नवेगावच्या तलावाच्या बांधाला पाण्याच्या अंगानं दगड बसवण्यात, ढासळले की पुन्हा बसवण्यात त्याची उमर गेली. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. मी म्हटलं, न्हाणीपासून विहिरीपर्यंत भिंत घालून दे. तो कडुलिंबाखाली बसून तंबाखू मळत राहिला आणि म्हणाला, "मी घालून देईन, बाई. पण मंग ती पडली का मले बलावान, न् मी तं मरून गेलो राहीन. तुमीच शिका." मी म्हटलं, या वयात? तर म्हणे, "तुमी पोरायले काऊन शिकवत होत्या? तेयचं वय होतं म्हणून?" दुसऱ्या दिवशी मी पदर खोचून हजर झाले. बत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर पुन्हा पहिलीत.

आपण कोहळी. आपल्या पूर्वजांनी या मुलखात तलाव बांधले, असं तू प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगतोस. मीही सांगत असे. पण तुझ्या आजोबांनी मला नागपूरला कॉन्व्हेंटात घातलं आणि तिथे मी लेस विणायला, पियानोवर दोन गाणी वाजवायला आणि उकडलेलं अंडं चमच्यानं खायला शिकले. पंचावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा दगड उचलला तेव्हा कळलं, तो कुठे धरायचा हेही मला माहीत नव्हतं.

पहिले पंधरा दिवस त्यानं एकही दगड बसवू दिला नाही. नुसते निवडायचे. पायाचे मोठे इकडे, तोंडाचे तिकडे, लांब दगड वेगळे, पोटात भरायच्या चिपा वेगळ्या. गावातल्या बाया पाणी नेताना थांबत. "मास्तरीनबाईले आता गोटे फोडाची नोकरी लागली वाटते," असं कोणी म्हणालं की बाकीच्या पदर तोंडावर धरत. मग पाया खणला, दोरी बांधली, आणि मी माझ्या मतानं एक हातभर लांबीची भिंत रचली. फार सुंदर दिसत होती. सगळे दगड लांबीनं दर्शनी बाजूला मांडले होते, मागे माती दाबून भरली होती. आषाढात तिचं पोट पुढे आलं. सुकराम चारी बाजूंनी पाहून म्हणाला, "भिंत गाभण आहे, बाई. दोन दिसात वेते." ती दुसऱ्याच दिवशी व्याली, माझ्या चपलांवर.

तेव्हापासून त्यानं शिकवलं ते मी शिकले. दगडाची लांबी आत, उताराच्या पोटात जायला हवी. बाहेर नुसतं तोंड दिसावं. एक दगड दोघांवर बसवायचा, दोघांच्या मधली फट वरच्यानं झाकायची. चीप ठोकायची ती मागून, पुढून कधीच नाही. भिंत थोडी मागे, उतारावर रेललेली हवी, जेवून भिंतीला टेकलेल्या माणसासारखी. आणि मागे माती नाही, दगडांचा चुरा, म्हणजे उताराचं पाणी फटींतून निघून जातं. शिवाय तो मला डोळे मिटायला लावी. "डोरे मिटा. गोट्याचं तोंड डोऱ्याले दिसते, पाठ हातालेच समजते." मी मिटलेले डोळे किलकिले केले की त्याला कळायचं. शाळेत मी मुलींना असंच पकडत असे.

आता तुझ्या सिमेंटाकडे येते. फटी बुजल्या. उताराचं पाणी जाणार कुठे? परवा सुकराम काठी टेकत आला, गिलाव्यावर नखानं रेघ ओढली आणि जे बोलला ते मी शब्दशः लिहिणार नाही. अर्थ असा की ओव्हरसियरसाहेबांनी भिंतीचं नाकतोंड दाबलं, आणि आता तिला लघवीला जायला जागा राहिली नाही. मृगाच्या सरी लागल्या की पाणी मागे तुंबेल आणि तुझी शंभर वर्षं श्रावणाआधी संपतील. तुझ्या कचेरीत हे कोणाला विचारायचं असेल तर विचार. मला वाटतं तुलाही हे माहीत होतं. आत्याच्या हातची भिंत ही भिंत असू शकते, एवढंच तुझ्या लक्षात आलं नाही.

पण पाण्यापेक्षा त्या बाहेर आलेल्या दगडांबद्दल मला जास्त लिहायचं आहे, आणि ते लिहिणं मी दोन दिवस टाळते आहे. ते सुकरामनं बसवले होते. गेल्या हिवाळ्यात भिंतीचा शेवटचा तुकडा चालला असताना मी पाहिलं, दर पाच पावलांवर कमरेच्या उंचीला एक दगड बोटभर पुढे. मी त्याला झापलं. चार वर्षं मला तोंडं एका रेषेत ठेवायला लावलीस आणि स्वतः हे काय? तो म्हणाला, "राहू द्या, बाई. कामी येईन." पहिला गोल होता, दुसऱ्याला मधे अंगठा मावेल एवढा खळगा, तिसरा खरबरीत. विहिरीच्या वळणावरचा लांब, गाईच्या नाकासारखा, नेहमी गार. मी चिडून आठवडाभर त्याच्याशी धड बोलले नाही. मग एका सकाळी धुकं नसताना मला धुकं दिसलं, आणि माझा हात आपोआप त्या खळग्यात गेला.

मी नागपूरला हवापालटासाठी गेले नव्हते, शालीक. काचबिंदू आहे. उजवा डोळा गेलाच आहे, डाव्यात बांगडीएवढा उजेड उरला आहे, आणि गेलेलं परत येत नाही असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. मला ते दोन वर्षांपासून ठाऊक होतं. कोणाला सांगितलं नाही, कारण तू मला उचलून भंडाऱ्याला नेलं असतंस आणि तुझ्या बायकोनं माझं ताट हातात दिलं असतं. सुकरामलाही सांगितलं नव्हतं. मी तोंडाचे दगड कसे निवडते हे पाहूनच त्याला कळलं असावं. गुरुवारी परत आल्यावर मी कळशी घेऊन निघाले, भिंतीवर हात ठेवला, तर न्हाणीपासून शेवटपर्यंत सगळं एकसारखं गुळगुळीत. आपण कुठवर आलो ते कळेना. मी मधेच उभी राहिले आणि मनकर्णाबाईंना हाक मारली. या घरात मी मदतीला पहिल्यांदा हाक मारली.

तेव्हा तू ये. गवंडी नको, तू ये. गिलावा हलक्या हातानं काढायचा आहे, सगळ्या फटी मोकळ्या करायच्या आहेत, आणि छिनलेले दगड काढून नवे बसवायचे आहेत. सुकरामचे हात आता थरथरतात. तो कडुलिंबाखाली बसून शिव्या देईल, मी दगड निवडून देईन, बसवायचे तू. डोळे मिटून. मृगाआधी हे व्हायला हवं, म्हणून शनिवार, १९ मेच्या आत तुझं लेखी उत्तर माझ्या हातात पडावं. निरोप चालणार नाही. काळी शाई घे आणि अक्षर मोठं काढ, पहिलीतल्या पोरासारखं. तारीख कडक वाटली तर वाटू दे. डाव्या डोळ्याची मुदत सांगायला डॉक्टरांनी नकार दिला, म्हणून ती मी ठरवली आहे. तुझं उत्तर मला दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यायचं नाही.

तुझीच, रागावलेली,
देवकाआत्या