पाच खुणांची रायफल

३ मार्च

दादाने बोलावून घेतलं. "तोफे, डोळे गेले माझे. बारीक खुणा दिसत नाहीत. थोडे दिवस ये आणि वाचून दाखव." दोन सभा रद्द केल्या. कशासाठी, तर बंदुकीसाठी! शस्त्रांविरुद्ध गावोगाव घसा फोडणारी मी, भिंग घेऊन रायफलचे सुटे भाग तपासत बसले आहे. विरोधकांना कळलं तर त्यांना वर्षभर पुरेल.

रायफल आजोबांची. युद्धानंतर नळीत शिसं ओतून कायमची मुकी केलेली. "या घरात गप्प बसणारी तेवढीच," इति वहिनी. संग्रहालयाच्या परीक्षक बाई बारा तारखेला येणार. त्यांना पटलं तर रायफल काचेच्या पेटीत, खाली आजोबांच्या नावाची पाटी. त्या पाटीसाठी दादा कधीपासून झुरतोय.

४ मार्च

खुणांचं प्रकरण कळलं. युद्धात मागणी एवढी, की भाग निरनिराळ्या कारखान्यांत बनायचे आणि प्रत्येक कारखाना आपली खूण ठोकायचा. आजोबांच्या रायफलच्या नळीवर तारा. गोळी आत सरकवणाऱ्या बोल्टवर बाण, नेमपट्टीवर नांगर, चापाच्या कड्यावर चंद्रकोर, नळी आवळणाऱ्या पट्ट्यावर त्रिकोण. म्हणजे, पूर्वी होते! दादाने ते चारही भाग काढले आणि कुठून कुठून मागवून सगळे ताऱ्याचे बसवले. का? "एकाच कारखान्याची हवी. शुद्ध!"

शुद्ध! हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. जगात जे जे शुद्ध म्हणून मिरवलं गेलं, त्यासाठी आधी कुणाला तरी घराबाहेर काढलं गेलं — इथून सुरुवात केली आणि थेट साम्राज्यांच्या पतनापर्यंत पोचले. दादा शांतपणे चापाचं कडं पुसत होता. वहिनी डोकावली. "वन्सं, श्रोत्याला पळता येत नाही म्हणून इतकं छळू नका."

आजोबांच्या हातांनी झिजलेले भाग बिस्किटांच्या डब्यात. फडताळावर. मोडीत!

६ मार्च

पहिला डाव टाकला. दादा रोज रायफल खोलून तेल देतो, मी भाग हातात देते. आज ताऱ्याचं कडं पदराखाली आणि चंद्रकोरीचं त्याच्या हातात!

"खूण?"

"तारा." आवाजात सभेतला ठामपणा.

त्याने कडं नाकाशी नेलं, बराच वेळ फिरवून फिरवून पाहिलं. "तू म्हणतेस म्हणजे ताराच."

संध्याकाळभर उगाच हसू येत होतं.

८ मार्च

नांगर स्वगृही.

९ मार्च

त्रिकोणही. वहिनीने रंगेहाथ पकडलं! तिने डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. झाकण लावलं, डबा फडताळावर ठेवला आणि म्हणाली, "चहा टाकते."

उरला बोल्ट. तो मात्र दादा स्वतःच्या कपाटात ठेवतो, तेलही स्वतःच देतो. मला हात लावू देत नाही.

११ मार्च

गंमत अंगाशी येणार. दादा आजोबांचा फोटो पुसता पुसता म्हणाला, "बाई फार कडक आहेत गं. मागच्या महिन्यात एक रायफल परत पाठवली. भेसळ होती म्हणे. एकदा नाकारली की पुन्हा बघत नाहीत."

 तत्त्व माझं, पण पाटी आजोबांची! सगळं पुन्हा बदलावं म्हणून उठले, तर दादाने रायफल जोडून कपाटात ठेवलेली, किल्ली खिशात.

१२ मार्च

बाई आल्या. बॅटरी, भिंग, पातळ ओठ.

"नांगर," त्या म्हणाल्या. "चंद्रकोर. त्रिकोण."

मी दादाकडे बघेना. भाषण करावं म्हणून तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर चहा घेणार का! मी!

मग त्यांनी लाकडी दस्ता उलटा केला. तिथे चौकटीतला एक पुसट ठसा. "ही लष्कराच्या दुरुस्ती आगाराची. तिथे जुन्या रायफली खोलून भाग ढिगात टाकायचे आणि हाताला येईल तो बसवायचे. असा ठसा असून सगळे भाग एकाच खुणेचे दिसले, की समजायचं, कुणीतरी नंतर हात लावलाय. मागच्या महिन्यात तसलीच एक परत पाठवली."

मी खुर्चीत रेलणार, एवढ्यात आठवलं — बोल्ट! तो अजून ताऱ्याचा. नवा, चकचकीत. मेले!

बाईंनी तो काढला, उजेडात धरला. "बाण. झीजही जुळते. अस्सल आहे. घेऊ आम्ही."

बाण? मी बोल्टला हात लावला नव्हता!

दादा माझ्याकडे वळून म्हणाला, "बघ तोफे. जुन्या वस्तूला हात लावू नये, हेच तर मी पहिल्यापासून सांगतोय." कसला निर्लज्ज माणूस!

१३ मार्च

वहिनीला कोपऱ्यात गाठलं. बोल्ट तू बदललास? "अहो वन्सं, त्यातला बोल्ट कुठला हे तरी मला कळतं का?" खरं बोलत होती.

१४ मार्च

निघताना ब्लाउजचा हूक तुटला. दादाने वहिनीच्या हातातली सुई घेतली आणि अंधाऱ्या बोळात उभ्या उभ्या, चष्म्याशिवाय, पहिल्या फटक्यात दोरा ओवला.

सुई मला देत म्हणाला, "पुढच्या महिन्यात पुन्हा ये. डोळ्यांचं काही खरं नाही माझ्या."