गावानं शंभूला हिंजवडीत कायम केलं

॥ खंडोबा प्रसन्न ॥

भुकूम,
दसऱ्यानंतरचा सोमवार

चिरंजीव दयानंद यास थोरल्या बहिणीचे उदंड आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? एस.टी.त जन्मभर उभं राहून तिकिटं फाडलीस, ते आता म्हातारपणी वसूल करतायत. तिळाचं तेल चोळ. तंबाखू सोडलीस का, हे विचारत नाही, उगाच खोटं बोलायचं पाप तुला लागेल. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोन आला की तुझी बायको तो स्पीकरवर टाकते आणि मग अख्खी बार्शी ऐकते. (तिलाही आशीर्वाद सांग.)

तर दया, आधी गोड बातमी. आपल्या शंभूनं स्वतःचं पोकलेन घेतलं! दसऱ्याला दारात उभं होतं, झेंडूच्या माळा घातलेलं, आणि मी ओवाळताना ताट असं जोरात फिरवलं की निरांजनच विझलं. इतकी वर्षं पोरगा दुसऱ्याच्या मशीनवर ऑपरेटर म्हणून राबला. इथं आता जिकडं बघावं तिकडं बिल्डिंगी. एका ठेकेदारानं त्याला सांगितलं होतं, दसऱ्यापर्यंत स्वतःचं मशीन आण, पायाखोदाईचं सगळं काम तुझं, नाहीतर दुसऱ्याला देतो. म्हणजे दसरा गाठला तर पोरगा मालक, नाहीतर पुन्हा हाताखालचा. माझ्या जिवाला घोर होता तो याचाच.

आता मशीन काय भाजी आहे, जाऊन पिशवीत घालून आणायला? कर्ज काढावंच लागतं. आणि यातली गंमत ऐक. मशीन बनवणारी ती मोठी कंपनी आहे ना, तिनंच कर्ज देणारी आणखी एक कंपनी काढलीय. नाव तेच, पाटी तीच, ऑफिस तेवढं वेगळं. थोरली मशीन विकते आणि धाकटी ते घ्यायला पैसे देते. मी शंभूला म्हटलं, अरे, एकाच घरातल्या दोघी आहेत तर थोरलीनंच थेट उधार द्यावं की. तर म्हणाला, आई, तू साहेबापुढं तोंड उघडू नकोस. (मी उघडलं. पुढं येईलच.)

ही धाकटी कंपनी पैसे द्यायच्या आधी शेजारीपाजारी चौकशी करते. आणि कशासाठी विचारतोय ते शेजाऱ्याला सांगत नाही, तसा नियमच आहे म्हणे. नियम चांगलाय, पण आपल्या गावाला चालणारा नाही. तुला माहीत आहे, हल्ली शेतात किंवा मातीत राबणाऱ्या पोराला कुणी मुलगी देत नाही. म्हणून आपल्या गेणबानं पारावर बसून ठरवून टाकलंय की अनोळखी माणूस कुठल्याही बिनलग्नाच्या पोराबद्दल विचारायला आला, की एकच सांगायचं: पोरगा हिंजवडीला कंपनीत कायम आहे. सगळं गाव हे पाळतं. पेरणी चालू असते तेव्हासुद्धा गावातली सगळी तरणी पोरं हिंजवडीला असतात.

गणपती गेले आणि एक मुलगी स्कूटीवरून पाराशी आली. ऋतिका नाव. शंभू कसा आहे, घर स्वतःचं आहे का, व्यसन काय, घरी कोण कोण, असं विचारायला लागली. गेणबाला वाटलं, काळ बदललाय, पोरगी स्वतःच चौकशीला आलीय. मग काय विचारता! शंभू कंपनीत कायम, थंडगार खोलीत बसतो, मातीला हात लावत नाही. आमची शेजारीण आशालता त्याच्यावर कडी करून म्हणाली की तो आता अमेरिकेलाच चाललाय, रात्रंदिवस फोनवर इंग्रजी बोलतो. (त्याला 'रिव्हर्स' सोडून इंग्रजी येत नाही.)

पोरीनं सगळं मोबाइलवर टिपून घेतलं. चौथ्या दिवशी कंपनीचा फोन आला की फाइल थांबवलीय. अर्जदार मशीन चालवत नाही, परदेशी चाललाय, दिलेली माहिती खोटी वाटते. शंभू त्या रात्री जेवला नाही. मी गेणबाला पारावर गाठलं आणि जे बोलले ते पत्रात लिहिता येत नाही. तर तो शांतपणे म्हणतो, "सगुणा, आमी तुझ्या पोराचं वाईट सांगितलं का? सगळं चांगलंच सांगितलंय न्हवं?"

मग मी काय केलं असेल? शंभूचे कामावरचे कपडे न धुता पिशवीत भरले, रिक्षा केली आणि त्यांचं पुण्याचं ऑफिस गाठलं. त्या पोरीच्या काचेच्या टेबलावर ती ग्रीसनं माखलेली पँट पसरली आणि म्हटलं, बघ, ही तुमची थंडगार खोली! सगळं ऑफिस नाकाला रुमाल लावून उभं राहिलं. पोरगी तेवढी हलली नाही. म्हणाली, "काकू, पँट कुणाचीही असेल. मी माणूस कामावर बघेन." आवडलीच मला. आपल्या घरात शोभेल असं तोंड आहे.

दुसऱ्या दिवशी ती ताम्हिणीला गेली. शंभू तिथं रस्त्यावर आलेली दरड उपसत होता. हिची स्कूटी चिखलात रुतली ती सीटपर्यंत. शंभूनं पट्टा बांधून मशीननं ती अलगद उचलली आणि झोपलेलं लेकरू पाळण्यात ठेवावं तशी डांबरावर ठेवली. एक इंडिकेटर तुटला, तेवढाच. पोरीनं फोटो काढले आणि त्याच आठवड्यात कर्ज मंजूर! तो इंडिकेटर बसवायला मात्र शंभू आतापर्यंत तीन वेळा पुण्याला जाऊन आलाय. मी आई आहे, मला कळत नाही का?

मी आनंदानं नाचत होते, पण गावाला धडा मिळायला हवा होता. मीच पारावर सगळ्यांना शपथ घातली की इथून पुढं कुणीही विचारो, खरं तेच सांगायचं. आणि काल रविवारी एक पांढऱ्या टोपीतले गृहस्थ आले. शंभू कसा आहे, म्हणाले. गावाला वाटलं, कंपनीचा वरचा साहेब आला. मग सत्याला असा पूर आला म्हणतोस! बारावी नापास आहे, दिवसभर चिखलात असतो, डोक्यावर कर्ज आहे, घोरतो तर वरच्या आळीला ऐकू येतं. आणि गेणबा शेवटी म्हणाला, "पोरगं सोनं हाय, पण आई लई कडक. सून नांदायची न्हाई."

ते ऋतिकाचे वडील होते. नरहरीराव. राहणार बार्शी.

आता मला सांग, मी कुणाच्या गळ्यात पडून रडू? शंभू कालपासून मशीन पुसत बसलाय. हे पत्र बार्शीच्या गाडीच्या कंडक्टरकडे देतेय, तुझं नाव ऐकून तो लगेच हो म्हणाला. प्रकृतीला जप.

तुझी अक्का,
सगुणा

ता.क. नरहरीराव पुण्यात लेकीकडं उतरलेत, बुधवारी बार्शीला परततायत. त्यांना स्टँडवरच गाठ, चहा पाज आणि एवढंच सांग की माझी बहीण गाईसारखी गरीब आहे. तुझ्या पाया पडते.

ता.क. दुसरं. वरचं रद्द! पाकीट चिकटवतानाच नरहरीरावांचा फोन आला. म्हणाले, "बाई, जिथं गेलो तिथं पोरगं कंपनीत कायम. पहिल्यांदाच खरं बोलणारं गाव बघितलं. पोरीनं सांगितलं अन् गावानं सांगितलं, त्यात तसूभर फरक न्हाई. आमचं ठरलं." दया, मी चुलीपाशी बसून ढसाढसा रडले. शंभूनं आनंदानं मशीनचा हॉर्न असा वाजवला की लवळ्याच्या टेकडीपर्यंत गेला असेल.

ता.क. तिसरं. फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, बार्शीत तुमचं कुणी आहे का? म्हटलं, सख्खा भाऊ आहे. कसे आहेत? म्हणाले. आता दया, शपथ मीच घातली होती, पण आनंदात जीभ कुठं ताब्यात राहते? तू रिटायर हेडमास्तर आहेस, सुपारीसुद्धा खात नाहीस. गुरुवारी ते तुझ्याकडे येतायत. ओट्यावरचा पत्त्यांचा डाव तेवढा दिवस उठव, आणि शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेव. कसं सांगायचं ते तुला माहीत आहे, तूही याच गावचा.