पुलाचा अर्ज

शनिवार, एकादशी

आज अर्ज लिहायला बसले. जिल्हा नवा झाला, म्हणून लातूरला कलेक्टर साहेबांकडे अर्ज करायचा, की आमच्या पुलाला वारलेल्या मामंजींचं नाव द्या. घरात मॅट्रिक मीच, तेव्हा लिहायचं माझ्याकडे.

दुष्काळी कामात हा पूल झाला, तेव्हा मामंजी मुकादम होते, हे खरं. पण पुलाच्या दगडाखाली सापडून गेली ती गिरजा. माझ्यासोबत टोपली उचलायची. "दगड हलाय लागलाय, मुकादम," दोनदा म्हणाली. मामंजी खेकसले, "काम कर!" मी ऐकलं अन् गप्प राहिले.

हे म्हणतात, "बापाचं नाव लागून राहिलं, तर तुझं काय जातंय?"

काय जातंय? दोनदा म्हणाली होती ती.

शेवटी अर्जात गिरजाचंच नाव लिहिलं. आता ह्यांची सही घेण्याआधी तो मोठ्यानं वाचून दाखवायचा आहे. पांडुरंगा! हे ओट्यावर आलेत. अर्ज घेऊन उठते.