एल्मर क्रेबिलचा हातमोजा, आणि तो मागण्याची रीत

मी, एल्मर ऑगस्टस क्रेबिल, वय एकोणऐंशी, धंदा जोडे शिवणे, पूर्वी अकरा हंगाम बेसबॉलचा खेळाडू, राहणार टिलफर्ड, ओहायो, कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे लिहून ठेवतो. डोके शाबूत आहे. कान तिसऱ्या वर्षीच गेले. पण मृत्युपत्राला कान लागत नाहीत, असे वकील होबार्ट यांनी चिठ्ठीवर लिहून दिले आहे.

१. घर पुतणी ऑर्फा हिला. आमच्या कुळात हातांनी बोलायला तीच काय ती शिकली. तिच्या भावांनी जन्मभर माझ्यापुढे नुसती मान डोलावली. त्यांनाही मी तेवढेच ठेवतो.

२. आरी, ऐरण, साचे बहिऱ्यांच्या शाळेला. तिथेच मी हा धंदा शिकलो.

३. एका डॉक्टरने माझ्या गळ्यात मारलेले ऐकण्याचे नळकांडे गौरव समितीचे अध्यक्ष थॅडियस पॉमफ्रेट यांना. कारण सांगतो. गेल्या उन्हाळ्यात गावच्या खेळाडूंच्या भिंतीवर माझे नाव लावायचे ठरले. समितीला हे सुचायला पंचेचाळीस वर्षे लागली, पण सुचले. मला पहिल्या बाकावर बसवले. ऑर्फा लिंबूपाणी आणायला गेली. पॉमफ्रेट यांनी भोंग्यावरून माझे नाव तीनदा पुकारले. मी मैदानातले गवत बघत होतो; छान कापले होते. मग त्यांनी ते मानपत्र महापौरांच्या मेहुण्याला दिले. हा गृहस्थ एकच हंगाम संघात होता, तोही बाकावर.

ऑर्फा धावत आली, हात भराभर चालले. "काका, अहो तुम्हाला पुकारलं! बसून काय राहिलात?"

"कुणी पुकारलं?"

"भोंग्यावरून!"

"मग भोंग्यालाच द्या म्हणावं."

मी पत्र लिहिले. उत्तर आले: 'आपण प्रतिसाद दिला नाहीत, सबब गैरहजर अशी नोंद झाली आहे. तक्रार असल्यास फोन करावा.' त्या दिवशी मी रडलो, हेही नोंदीत असू द्या.

४. आता त्याच समितीला काचेच्या कपाटासाठी माझा हातमोजा हवा आहे. कपाटावर लावायची चिठ्ठी तयार आहे: 'मुका क्रेबिल'. वर्तमानपत्रांनीही अकरा हंगाम हेच छापले. मी मुका कधीच नव्हतो. या हातांनी मी पंचांना जे सुनावले, ते तोंडाने बोललो असतो तर पहिल्याच डावात बाहेर काढला गेलो असतो.

हातमोजा शाळेतल्या मुलांना. त्यांनी तो खेळून झिजवावा. समितीला हवा असल्यास अध्यक्षांनी शाळेत यावे, मुलांसमोर उभे राहावे आणि माझे पूर्ण नाव बोटांच्या खुणांनी, एकेक अक्षर करून, सांगावे आणि तो मागावा. एकही अक्षर चुकल्यास मुलांनी त्यांना पुढच्या शनिवारी बोलवावे.

हे सर्व मला वाचून दाखवण्यात आले. होबार्ट यांनी चिठ्ठीवर लिहिले, कायद्याला तसेच लागते. त्यांनी खड्या आवाजात अथपासून इतिपर्यंत वाचले. मी त्यांच्या मिशा पाहिल्या. मग कागद खाली ठेवून ते माझ्यासमोर बसले. ऑर्फाकडून आठवडाभर शिकले होते म्हणे. घामाघूम होत त्यांनी बोटांनी एकेक अक्षर केले: एल्मर ऑगस्टस क्रेबिल. तुम्हीच ना?

दोन अक्षरे चुकली. मी 'होय' म्हणालो आणि सही केली.

टिलफर्ड, ओहायो, १४ सप्टेंबर १९५१

(सही) एल्मर ऑगस्टस क्रेबिल

साक्षीदार: विल्बर स्टोल्ट्झ, शिक्षक, बहिऱ्यांची शाळा
साक्षीदार: लायमन होबार्ट, वकील