बाबांना बोलू दे

९ जानेवारी

जेमतेम पास. ध्वनिविज्ञानात काठावर, वाक्यविचारात त्याहून काठावर. यादी भिंतीवर लागली तेव्हा वर्गातली चष्मिस माझ्या खांद्यावरून वाचत होती. मोठ्यानं म्हणाली, "अगं, सुटलीस की!" सुटले कसली? अजून शेवटचं सत्र आहे, आणि त्यात तो प्रकल्प.

घरी मामा आला होता. त्याचा ठरलेला प्रश्न - "मग, किती भाषा येतात आता तुला?" तीन वर्षं हेच. भाषाशास्त्र म्हणजे भाषा शिकणं नव्हे, हे सांगून सांगून जीभ झिजली. आज म्हटलं, एकच येते मामा, आणि तीही रडत. तो हसला. मी विनोद केला नव्हता.

आईला हवं होतं, मी कॉमर्स करावं. मामालाही. खरं सांगायचं तर मलाही! एकटे बाबा अडून बसले होते. प्रवेशाच्या दिवशी ड्रायव्हिंग स्कूलची गाडी बाहेर उभी करून स्वतः माझ्याबरोबर रांगेत थांबले. "भाषेचंच शीक. कामाला येईल." कसलं काम, देव जाणे. तेव्हापासून मी त्यांची 'शास्त्रीबाई'. रोज गाडीच्या शिकवणीहून आले की बाबा हातपाय धुतात, खुर्चीत बसतात आणि विचारतात, आज काय शिकवलं? मी सांगते. ते नीट ऐकतात, आणि शेवटी - "अजून ते नाही का आलं?" कोणतं ते, विचारलं की "असू दे, येईल पुढे."

पुढे काय येणार आहे, मला तरी कुठे माहीत आहे.

१६ जानेवारी

प्रकल्प ठरला. घरातलं जेवतानाचं बोलणं रेकॉर्ड करायचं आणि ते जसंच्या तसं उतरवायचं. कोण कुठे थांबलं, कोण कुणाच्या बोलण्यात घुसलं, सगळं. मॅडम म्हणाल्या, "आपलं घर आपण कधी ऐकतच नाही." बरं झालं मी ऐकत नाही, असं मनात आलं.

आई ऐकताक्षणी नाही म्हणाली. "जेवताना कसलं रेकॉर्डिंग? घास उतरायचा नाही." बाबा म्हणाले, "करू दे गं." आई बराच वेळ भांडी आपटत होती. एवढं काय आहे त्यात?

२ फेब्रुवारी

मान मोडून आली. एका मिनिटाचं बोलणं उतरवायला अख्खी दुपार जाते. तेच तेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकायचं, कानात हेडफोन खुपसून. आपल्याच घरच्यांचे आवाज नकोसे होतात.

पण एक सापडलं. आई बाबांना बोलूच देत नाही! बाबा सुरू करतात - "आज तो नवा मुलगा त्या..." की आई, "चौकात." बाबा म्हणतात, "मग मी त्याला म्हटलं, जरा ते..." की आई, "गिअर बदल." दोघं जिथे एकदम बोलतात तिथे चौकटी कंस घालायचा असतो. माझं पान कंसांनी भरलंय. एक वाक्य धड पुरं करू देत नाही बिचाऱ्यांना. आणि आम्ही इतकी वर्षं म्हणतोय, बाबा मितभाषी आहेत!

३ फेब्रुवारी

आईचाच राग येतोय.

१४ फेब्रुवारी

वर्गात वाचून दाखवलं. आईचं "गिअर बदल" ऐकून सगळे हसले. तीन वर्षांत पहिल्यांदाच मॅडम म्हणाल्या, "छान ऐकलंस." चष्मिसचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मला वाटलं, चला, या विषयात आपलंही काहीतरी आहे.

मॅडमना आता तुलना हवी. तेच घर, तेच जेवण, पण आईनं गप्प बसायचं. बाबा कसे बोलतात ते पाहायचं.

घरी येऊन आईला सांगितलंच. "तू बाबांना बोलू देत नाहीस. माझ्याकडे पुरावा आहे." ती कणीक मळत होती. हात थांबले. मला वाटलं आता भांडेल. म्हणाली, "पुरावा नीट ठेव मग," आणि पुन्हा मळायला लागली.

२३ फेब्रुवारी

लिहवत नाही. पण लिहिते.

आई तयारच नव्हती. मी म्हटलं, फक्त जेवण होईपर्यंत. तिनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली. मी फोन मधे ठेवला आणि विचारलं, "बाबा, आज काय झालं शिकवणीला?"

"ती नवीन बाई," बाबा म्हणाले. "ती... दवाखान्यातली. तिला आज पहिल्यांदा त्या... त्याच्यावर नेलं." हातानं कमान काढून दाखवली. पूल. मग म्हणाले, "आणि समोरून तो आला. मोठा. तो गं. ज्यात ते... भरतात."

ट्रक. मला कळलं होतं, ट्रक. पण मॅडमनी आमच्या डोक्यात घट्ट बसवलंय - समोरचा थांबला तर थांबा, शांतता भरायला जाऊ नका. म्हणून मी थांबले. चांगल्या विद्यार्थिनीसारखी थांबले! बाबा माझ्याकडे बघत होते. ओठ हलत होते आणि बाहेर काही येत नव्हतं. आईनं हातातला घास इतका दाबला की त्याचा लगदा झाला, पण शब्द दिला होता म्हणून ती बोलली नाही. बाबा पुन्हा म्हणाले, "तो... तो..." मग हसले. लहान मुलं चोरी पकडल्यावर हसतात तसे. अर्ध्या ताटावरून उठून हात धुवायला गेले.

आई म्हणाली, "झालं समाधान?"

२४ फेब्रुवारी

हात दाखवून अवलक्षण. दुसरं काही नाही.

२६ फेब्रुवारी

पहिलं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. सगळं चुकलंय. जिथे जिथे मी आईची घुसखोरी म्हणून कंस घातला, तिथे बाबा आधी थांबलेत. अगदी थोडंसं. घास गिळण्याइतकंच. मग आई येते. ती त्यांचं बोलणं तोडत नव्हती, सांधत होती. आणि मी ते भर वर्गात वाचून दाखवलं, आणि लोक हसले.

आईला स्वयंपाकघरात गाठलं. कधीपासून? म्हणाली, वर्षभर तरी असेल. आधी नावं जायला लागली, मग वस्तू. डॉक्टरांचं काढलं की बाबा उठून जातात. "झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात. मग मी झाकते. दुसरं काय करू?" तिला भाजी आधी चिरून ठेवावी तसे दिवसभर शब्द तयार ठेवावे लागतात. बाबा कुठे जाणार, कोण भेटणार, काय बोलणार, ते आधी विचारून घेते. दमले गं मी, म्हणाली. आई कधी दमले म्हणत नाही.

मला आता आठवतंय, बाबांनी शास्त्रीबाई म्हणून हाक मारल्याला किती दिवस झाले. नुसतं 'अगं' म्हणतात.

५ मार्च

आज शिकवणीच्या गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसले. बाबांना म्हटलं, सहज. त्यांना सहज वाटलं नसावं.

ती दवाखान्यातली नर्स चालवत होती. मला आरशातून बघून म्हणाली, "तुमचे बाबा फार शांत शिकवतात हं. आमच्या मैत्रिणीचे सर नुसते खेकसतात." बाबा खरंच बोलत नाहीत. हळू म्हणजे हात खाली दाबायचा. वळ म्हणजे बोट. गिअर म्हणजे तिच्या कोपराला हलकी टिचकी. पायाखाली त्यांचा स्वतःचा ब्रेक आहेच. ती हातांची भाषा त्यांनी एकट्यानं घडवलीय, कुणाला पत्ता न लागू देता. क्षणभर मला अभिमानसुद्धा वाटला.

मग कोपऱ्यावरून सायकलवाली म्हातारी आली. नर्स बाबांच्या हाताकडे बघत नव्हती, रस्त्याकडे बघत होती, जे तिनं करायलाच हवं. बाबा म्हणाले, "ते... ते..." आणि ती गोंधळून म्हातारीच्याच अंगावर वळली. बाबांनी स्टिअरिंग ओढलं, ब्रेक दाबला. गाडी फुटपाथवर चढून बंद पडली. म्हातारी शिव्या देत निघून गेली. कुणाला काही झालं नाही.

नर्स हसत म्हणाली, "सर, बोला ना काहीतरी!" बाबाही हसले. त्यांचे हात मांड्यांखाली होते.

६ मार्च

आईला सांगितलं. म्हणाली, "अजून थोडे दिवस. गाडी सुटली तर ते बोलायचंच सोडतील." आणि म्हातारी मेली असती तर? ती भांडी घासायला लागली.

८ मार्च

मॅडमकडे गेले. सगळं सांगितलं. रडले, लाजही वाटली नाही. विचारलं, यावर उपाय काय? कुठल्या पुस्तकात बघू?

त्या खूप मायेनं बोलल्या, तेच जास्त लागलं. "बाळ, तो आपला विषय नाही. आपण भाषेचं वर्णन करतो. तू त्यांना डॉक्टरांकडे ने." आणि दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा - "पण हे रेकॉर्डिंग जपून ठेव. फार मोलाचा प्रकल्प होईल."

वर्णन! बापाचा शब्द कुठे अडकला, किती अडकला, त्याला कुठली खूण करायची, एवढंच मला येतं. बुडणाऱ्या माणसाकडे बघून पाणी किती खोल आहे ते सांगायचं, हे शिकले मी तीन वर्षं.

१० मार्च

बाबांना स्पष्ट सांगितलं. गाडी सोडा, नाहीतर मी ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांना जाऊन सांगते. ते खुर्चीतून उठले, चपला घातल्या आणि बाहेर गेले.

१३ मार्च

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. आज काय शिकवलं तेही विचारत नाहीत.

१९ मार्च

शेवटी बाबा आले. कालच मालकांकडे चाव्या ठेवल्या, पाठदुखीचं कारण सांगून. आणि आज आमच्याबरोबर दवाखान्यात.

डॉक्टरांनी चित्रं दाखवली. घड्याळ आलं. कात्री आली. शिडीपाशी अडले. दोन बोटं हवेत एकावर एक चढवून दाखवली. आईनं तोंड उघडलं तर डॉक्टर म्हणाले, "ताई, तुम्ही नका सांगू." माझंच वाक्य. आईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पण मला खाली बघावं लागलं.

मग स्टिअरिंगचं चित्र आलं. आयुष्यभर हातात धरलेलं. बाबा त्याच्याकडे बघतच राहिले. डॉक्टरांनी पान उलटलं.

मेंदूचा फोटो काढलाय. हे वाढत जाणार. बोलण्याच्या सरावानं थोडा वेळ मिळतो, गेलेलं परत येत नाही. "लवकर यायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. कधी सुरू झालं, विचारलं. आई म्हणाली, वर्षभर. बाबांनी मान हलवली, नाही अशी. मग माझ्याकडे बघितलं.

२७ मार्च

बाबा दिवसभर खिडकीत. खालून शिकाऊ गाडी गेली की पाय आपोआप दाबला जातो, जमिनीवर. आईनं तिथे जाजम टाकलंय.

प्रकल्प मागे घेतला. मॅडम म्हणाल्या, नापास होशील. होऊ दे. मी कॉलेजच सोडते. कुठेतरी कामाला लागेन. निदान आईला हातभार तरी होईल. ज्या विद्येनं घरच्या माणसाला एक शब्द देता येत नाही ती घेऊन काय करू? आईला सांगितलं. ती म्हणाली, "ते मला नको सांगूस. त्यांना विचार. त्यांनीच घातलंय तुला तिथे."

मला धीर होत नाही.

३ एप्रिल

विचारलं. म्हटलं, बाबा, मी सोडतेय ते शिक्षण. मला काहीच येत नाही.

ते खिडकीतून माझ्याकडे वळले. आई आत होती. ऐकत होती, पण बाहेर आली नाही.

मग बाबा म्हणाले, "तेव्हाच... जायला लागले होते. शब्द. त्या रांगेत. तुझ्या... प्रवेशाच्या." मी त्यांचा हात धरला. "कुणाला नाही सांगितलं. वाटलं, तिथे शिकवत असतील. तू शिकशील. आणि मला..."

अडले. माझ्याकडे बघत राहिले. या वेळी मी थांबले नाही.

"दुरुस्त करशील," मी म्हणाले.

बाबांनी मान हलवली. हो.