होणाऱ्या व्याह्यांबरोबर तळ्याकाठी

१८ जानेवारी, रविवार
ऋचाने आज जेवताना सांगितलं की श्रीधरशी लग्न करायचं की नाही ते अजून नक्की नाही, पण त्याआधी दोन्ही घरच्यांनी मिळून तळ्याकाठी तंबूत राहायचं हे मात्र नक्की. सव्वीस जानेवारीला जोडून. चेंगलपट्टूच्या पुढे कुठलीशी एरी आहे. (इतकी वर्षं चेन्नईत काढून मीसुद्धा आता तळ्याला एरीच म्हणते.) वीज नाही, नळ नाही, खोली नाही.
"पण कशासाठी?"
"गैरसोय झाली की माणसं खरी कळतात. दोघांनाही तसं वाटतंय."
अवि भात कालवता कालवता थांबला. "संडास?"
"फावडं आहे श्रीधरकडे."
माझा नवरा पुढे जेवलाच नाही. ताकसुद्धा नाही.

मला हे स्थळ मुळातच फारसं… श्रीधर ऋचाच्या ऑफिसातला, घर वेस्ट मांबलमला. तंजावरकडचे मराठी, कित्येक पिढ्या इकडेच. एकदा जाऊन आलोय त्यांच्याकडे. माणसं वाईट नाहीत. पण त्यांचं मराठी ऐकताना मला आतल्या आत भाषांतर करावं लागतं, आणि तोवर ते पुढच्या वाक्यावर गेलेले असतात. शिवाय माझ्या मनात सांगलीचा एक डॉक्टर होता. आहे.

२१ जाने., बुध.
अविने चहा सोडला. सकाळी चहा घेतल्याशिवाय त्याला होत नाही, म्हणून चहाच घ्यायचा नाही म्हणजे जावंही लागणार नाही, असं शास्त्र. आज त्याचा पहिला दिवस. कोणाशी नीट बोलला नाही.

श्रीधरच्या आईचा फोन, कावेरीबाईंचा. गणिताच्या शिक्षिका होत्या, अजूनही प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत थांबतात.
"मी चिंचेचा भात करून आणतें. खराब होत नाही तें. तुमी काय आणतां?"
म्हटलं, भाकरी आणि ठेचा.
"ठेचा मणजे?"
सांगितलं सगळं. मिरच्या, लसूण, खलबत्ता.
"हां हां. चटणी."
म्हटलं, हो, चटणी. आणखी काय करणार.

२४ जाने., शनि. तळ्याकाठी, संध्याकाळ
पोचलो. आमच्याच मोठ्या गाडीतून सगळे सहा. पाण्यापर्यंत गाडी जाते ही एकच सोय. तळं मात्र काय आहे. इकडचा पाऊसकाळ नुकताच संपलाय, काठोकाठ भरलंय, पलीकडे ताडाची रांग, मध्ये कसलेसे पांढरे पक्षी. पिशव्या उतरवायच्या सोडून मी बघतच राहिले.

मग तंबू. श्रीधरला या गोष्टींचा फार नाद. तीन तंबू आणलेत, पण तिसऱ्याच्या काठ्या मांबलमलाच राहिल्या. तसं तो म्हणाला नाही. म्हणाला, "आंटी, अ‍ॅक्चुअली ओपन स्लीपिंग इज बेटर." मग ताडपत्रीचं एक टोक गाडीला आणि दुसरं झाडाला बांधून खाली चटई टाकली. बायका एका तंबूत, अवि आणि श्रीधरचे वडील दुसऱ्यात, मुलगा ओपन.

ऋचा दुपारभर गाडीत होती. सनस्क्रीन शोधत होती म्हणे. एवढा वेळ. एसी चालू ठेवून.

स्वयंपाक लाकडांवर. लाकडं ओली. श्रीधरने मोबाईलवर बघून रचली, ऋचाने वारा घातला, अविने सूचना केल्या. शेवटी मी आणि कावेरीबाईंनी सुकी झावळी आणून पेटवलं एकदाचं. डोळे अजून चुरचुरतायत. नुसती खिचडी, पण काय लागली.

जेवताना वेंकटराव (श्रीधरचे वडील, सरकारी कचेरीतून निवृत्त, अंगात झब्बा, गळ्यात मफलर, मफलर कशाला ते कळलं नाही) अविला म्हणाले, "तुमच्याकडे मराठी फार बिघडलं हो. हिंदी मिसळलं."
अवि दुखावला. "आणि तुमच्यात तमिळ नाही मिसळलं?"
"ते शेजारचं. शेजाऱ्याचं घेतलं तर चालतें."
 अवि तंबूत शिरेपर्यंत उत्तर शोधत होता.

फावडं आणि कापडी आडोसा तिकडे बाभळीमागे. मी जाऊन आले. मरत नाही माणूस. नवरे दोघेही म्हणतात, आम्हाला गरज नाही. सोमवारपर्यंत गरज नाही.

२५ जाने., रवि. दुपार
एवढं झालंय आज की कुठून लिहू.

सकाळी उठून बघते तर गाडी नाही. ताडपत्रीचं टोक सोडून ती श्रीधरच्या अंगावर टाकलेली, तो खाली झोपलेला. आमचे नवरेही नाहीत. चिठ्ठी नाही, फोन बंद. कावेरीबाई म्हणाल्या, "दूध आणाय गेले असतील." आम्हा दोघींनाही ते पटलं नाही, पण म्हणायला बरं होतं.

मग त्या म्हणाल्या, चला, स्नान करूं. म्हटलं, इथे? उघड्यावर? त्यांनी नेसूचं घट्ट खोचलं आणि सरळ चालत आत गेल्या. गळ्यापर्यंत. मग पाठीवर पडल्या आणि तरंगायला लागल्या. साठीच्या बाई, पिकलेला अंबाडा, दोन्ही हात पसरून. लहानपणी नदीत शिकल्या म्हणे, नाव उगाच नाही.
"या की. भिऊं नकोत."
मी पंजाबी ड्रेससकट गुडघ्यापर्यंत गेले, मग कमरेपर्यंत. पायाखाली गाळ, मऊ, बोटांमधून वर येणारा. त्यांनी हात धरला. मी डोकं बुडवलं. किती वर्षांनी. नाकात पाणी गेलं, ठसका लागला, आणि मग हसूच येत राहिलं.

पाण्यात उभ्या असतानाच त्या म्हणाल्या, "खरं सांगूं? मला हें स्थळ नको होतं. तंजावरची एक पोरगी होती माझ्या मनांत. वीणा वाजवते."
"माझ्या मनात सांगलीचा डॉक्टर होता."
"कसला?"
"दातांचा."
त्यांनी विचार केला. "वीणेपेक्षा बरा."

काठावर येऊन केस पुसतोय तोवर मुलांचं भांडण. इंग्रजीत सुरू झालं, तमिळमध्ये चढलं. मूळ त्या काठ्या. ऋचा म्हणत होती, विसरलो एवढं म्हण, बाकी काही नको. तो म्हणे, विसरलो नाही, तो प्लॅनचा भाग होता. ती म्हणाली, बाबा ज्याचं छप्पर सोडून गेले तो माणूस प्लॅन सांगतोय. मग त्याने एसीचा विषय काढला. "सगळ्यांना खरं बघायचंय म्हणून तू आणलंस आणि स्वतः काचा वर करून बसलीस." दोन्ही बरोबर होतं, म्हणून जास्त लागलं. ती तळ्याच्या या टोकाला जाऊन बसली, तो त्या टोकाला.

मग बंधाऱ्यावरून नवरे आले. चालत. गाडी चिखलात रुतली, गावातला ट्रॅक्टर येणार आहे काढायला. दोघांच्या हातात एकेक पिवळी पिशवी.
मी विचारलं, "दूध?"
"संपलं होतं," अवि म्हणाला.
कावेरीबाईंनी वेंकटरावांची पिशवी घेऊन उघडली. नारळ, विड्याची पानं, सुपारी. इकडे लग्नात पाहुण्यांना निघताना देतात ती पिशवी. त्यांनी फक्त बघितलं, शाळेत बघत असतील तसं. वेंकटरावांनीच सगळं सांगितलं. पहाटे दोघांनाही एकाच वेळी गरज पडली होती. संडास शोधत गेले. पेट्रोल पंपावर कुलूप. पुढे एका गावात मंगल कार्यालय, दिवे, नादस्वरम. आत शिरले. काम झालं. बाहेर येताना मुलीच्या काकांनी धरलं, मुलाकडचे समजून पंक्तीला बसवलं. पोंगल, वडा, इडली, केशरी शिरा. नाही म्हणणं बरं दिसलं नाही.
"काफी दोनदा," अवि म्हणाला. काफी. असंच म्हणाला.
"आणि आम्ही इथे काल रात्रीची खिचडी," मी म्हटलं.
"रात्री रिसेप्शन आहे," वेंकटराव हळूच म्हणाले. "काकांनी फार आग्रह केला. फॅमिलीला घेऊन या म्हणून."
कावेरीबाई तिकडे वळून उभ्या राहिल्या. खांदे हलत होते. हसत होत्या.

संध्याकाळ
ट्रॅक्टरने गाडी काढली. ऋचा आणि श्रीधर, दोघांनीही वेगवेगळे येऊन सांगितलं, आजच घरी जाऊ. एवढ्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत. आम्ही चौघांनी नाही म्हटलं. सोमवारचं ठरलंय ना, मग सोमवार. अविने बाभळीकडे जाताना फावडं खांद्यावर टाकलं होतं. शीळ वाजवत गेला.

२६ जाने., सोम. अड्यार
परत. गाडीत मागच्या सीटवर मुलं, दोघांच्या मध्ये आमच्या पिशव्या. पुढे वेंकटराव आणि अवि, ऊस आणि गूळ यावर बोलत. मांबलमला उतरताना कावेरीबाईंनी ठेच्याचा उरलेला डबा मागून घेतला. "तुमचा ठेचा," म्हणाल्या. ठेचा म्हणाल्या.

घरी आल्यावर ऋचा बॅग न उघडता म्हणाली, "आई, मला नाही वाटत हे जमेल."
हेच तर मला हवं होतं… पण बरं वाटलं नाही. अजिबात नाही. आंघोळ केली तर बादलीतलं पाणी अगदीच थोडं वाटलं.

२९ जाने., गुरु.
कावेरीबाईंनी उडदाचं डांगर पाठवलं, वेंकटरावांच्या हाती. ते अविबरोबर फिरायला गेले आणि दोन तासांनी आले. काय बोलतात एवढं?

रात्री ऋचाला म्हटलं, एकदा भेटून तर बघ त्याला.
"तुलाच नको होता ना तो?"
"हो."
"मग आता?"
 म्हटलं, माणूस काठ्या विसरू शकतो.
"विसरू शकतो. पण मग आयुष्यभर तो माझ्यावर ताडपत्री टाकून हेच बेटर म्हणणार का?"
मी कपड्यांच्या घड्या घालायला लागले. तीच पुढे म्हणाली, "आई, लग्न त्याच्याशी करायचंय. त्याच्या आईशी नाही."
कळतं गं मला. पण.

१ फेब्रु., रवि. संध्याकाळ
श्रीधरने काल फोन केला तिला. काठ्या विसरलो, एवढं एकच वाक्य म्हणाला आणि ठेवून दिला. ऋचाने मला सांगितलं, चेहरा अगदी कोरा ठेवून. आज दोघं बेझंटनगरला समुद्रावर बोलायला गेलीत. आपापल्या गाडीने. दुपारी चारला.

साडेचारला वेंकटराव आणि कावेरीबाई आमच्याकडे. सहज, इकडे काम होतं म्हणे. रविवारी अड्यारला काय काम? मीही विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. चहा झाला, काफी झाली. अवि आणि वेंकटराव टीव्हीसमोर, टीव्ही बंद. ऋचा फोन उचलत नाही, श्रीधरही नाही. कावेरीबाई म्हणाल्या, "काय ठरलं तरी आपण दोघी जाऊं की तळ्यावर?" मी हो म्हटलं लगेच. आता त्या स्वयंपाकघरात माझ्या मिरच्या निवडतायत, मी आत खिडकीशी येऊन हे खरडतेय.

खाली गेट वाजलं. बघते.

ऋचाची स्कूटर. चालवतेय ती, मागे कोणीतरी आहे. तळ्यावर घातलेलाच पिवळा शर्ट, म्हणजे श्रीधरच. मग त्याची गाडी कुठेय? बंद पडली की मुद्दाम ठेवून आला? उतरली दोघं. काहीतरी बोलतायत. हात हलतायत तिचे, पण हात तिचे कशालाही हलतात. दोघांचीही हेल्मेटं अजून डोक्यावर, काचा खाली.

कावेरीबाई मागे येऊन उभ्या राहिल्यात, हातात मिरची तशीच. विचारतायत, "काय दिसतें?"