रांगेची दोन दारं

१ मार्च, सकाळी ९.४०
डोळ्यांच्या हॉस्पिटलमधून इंजिनिअर बाईंचा फोन. पेशंटना रांगेचे नंबर देणारी माझी लायब्ररी नव्या मॉड्यूल पद्धतीत चालत नाही. पंधरा तारखेपर्यंत बदलून द्या काका, नाहीतर काढावी लागेल, म्हणाल्या. आवाज फार गोड. मला गोड आवाजाची भीती वाटते.
दोन पेले पाणी. मग आठवलं, अकरा वर्षं ते हॉस्पिटल माझ्याच नंबरांवर चालतंय. ते मला काढणार कसे?

दुपारी २
हिला समजावून सांगितलं. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे, दुसऱ्याच्या प्रोग्रॅमने मागून घ्यायचा तयार तुकडा. पूर्वी तो एका शब्दाने मागायचे, आता प्रोग्रॅमच्या भाषेने मागायची पद्धतच बदलली. ही म्हणाली, मग तुम्हीही बदला. बायकांना सगळं सोपं वाटतं.
काढली तर काय होईल, असं तिने विचारलं. काही नाही, म्हणालो. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममधून निवृत्त झाल्यापासून मला कामाचा म्हणून हा एकच फोन येतो. ते तिला सांगितलं नाही.

२ मार्च
ठराव: दोन दिवसांत संपवणे. चहा टेबलावरच.

४ मार्च
संपलं नाही. नवी पद्धत प्रत्येक फाइलचं पूर्ण नाव मागते, टिंबापुढच्या शेपटासकट. आपल्याच घरात शिरताना आडनाव सांगायचं! सव्वीस ठिकाणी शेपटं लावली. सत्ताविसावं कुठे राहिलंय ते सापडत नाही. चष्म्याचा नंबर वाढला असावा.

५ मार्च
सापडलं. पहिल्याच ओळीत होतं.

७ मार्च, सकाळी ११
मेहुणा आला. निवृत्त हेडमास्तर. दाजी, सातवी नापास माणसाने इंग्रजीतल्या कंप्युटरशी भांडू नये, म्हणाला. मी हसलो. आतून पेटलो. याच माणसाला मोबाइलचा आवाज बंद करायला सून लागते.
रागाच्या भरात एक मोठी गोष्ट सुचली. नवी पद्धत ठेवायची, पण जुनीही मोडायची नाही. दोन दारं! जुन्या शब्दाने मागणारा जुन्या दाराने, नव्याने मागणारा नव्या दाराने. कोणाचीच गैरसोय नाही. हे इंजिनिअर बाईंनाही सुचलं नसतं.

९ मार्च
दोन्ही दारं तयार. चाचणी घेतली. जुन्या दारातून नंबर आले एक, दोन, तीन. नव्या दारातूनही एक, दोन, तीन. तंतोतंत सारखे! डोळ्यांत पाणी आलं.
ही मागे उभी राहून पाहत होती. दोन्हीकडे एक कसा आला, म्हणाली. अगं, तेच तर यश आहे, म्हणालो. ती भाजी चिरायला गेली.

१० मार्च
पाठवून दिलं, पाच दिवस आधी. बाई म्हणाल्या, वा काका! त्यांच्या प्रोग्रॅमचा गेटवर नंबर देणारा भाग अजून जुन्या पद्धतीचा आहे, काउंटरवर देणारा नव्या. माझ्या दोन दारांची केवढी सोय! मेहुण्याला मुद्दाम फोन करून कळवलं. म्हणालो, डोळे तपासून घ्यायचे राहिलेत ना, उद्याच जा. बघ दाजीचं काम.

११ मार्च, सकाळी ११.२०
फोन नाही. म्हणजे सुरळीत चाललंय.

दुपारी १२.०५
अजून फोन नाही. फोनची रिंग चालू आहे ना, हिच्याकडून तपासून घेतलं.

दुपारी १
मेहुण्याचा फोन. ओरडत होता. त्याचा नंबर एकतीस. शेजारच्या जाडजूड गृहस्थांचाही एकतीस. दोघे एकदमच डॉक्टरांच्या खोलीत शिरले. गृहस्थ म्हणाले, मास्तर, रांग मोडायची नाही एवढं तरी शिकवलंत का कधी? बाहेर दोन बत्तीस, दोन तेहेतीस. एका बाईंच्या डोळ्यांत थेंब दुसरीच्या नंबरावर पडले. नशीब, थेंब साधेच होते.
बहुधा हॉस्पिटलचा प्रिंटर बिघडला असावा.

दुपारी ३.३०
प्रिंटर नाही. बाईंनी न रागावता समजावलं. काका, दाराबरोबर तुम्ही मागची खोलीही दुसरी बांधलीत. दोन दारं, दोन खोल्या, दोघांकडे आपापली मोजणी. गेटवाले एकपासून, काउंटरवालेही एकपासून. मोजणी एकाच जागी ठेवायची आणि दोन्ही दारं तिथेच उघडायची, एवढंच राहिलं.
एवढंच! मी म्हणालो, संध्याकाळपर्यंत देतो.

१२ मार्च
संध्याकाळ कालची म्हणालो नव्हतो.

१३ मार्च
खोली एक केली. आता जुनं दार उघडत नाही. रक्तदाब वाढल्यासारखा वाटतो. हिने मोजला, नॉर्मल निघाला. यंत्र जुनं झालंय.
हिने सुचवलं, बाईंनाच विचारा ना. मी कशाला विचारू? त्यांनी मला विचारायचं.

१४ मार्च, दुपारी ४
झालं! दोन दारं, एक खोली. जुन्या दारातून एक, नव्यातून दोन, पुन्हा जुन्यातून तीन. हिलाही बोलावून दाखवलं. आता बरोबर दिसतंय, म्हणाली. फाइल पाठवली. एक दिवस शिल्लक ठेवून.

१५ मार्च, सकाळी १०
बाईंचा फोन. काका, तुमचं आता अगदी बरोबर झालंय. पण परवा पेशंट खोळंबले होते, म्हणून मीच एक छोटंसं लिहून बसवलं, अठ्ठावीस ओळींचं. चालतंय नीट. तुम्ही आता त्रास घेऊ नका.
मी म्हणालो, उत्तम झालं, माझ्याही डोक्यामागची कटकट गेली. अकरा वर्षांत माझ्या साडेसहाशे ओळी झाल्या होत्या. पण त्या भक्कम होत्या.

सकाळी ११.१५
त्यांनी त्यांचं लिखाण पाठवलं, मी मागितलं म्हणून. मोजून पाहिलं. अठ्ठावीस नाहीत, सत्तावीसच आहेत. शेवटची ओळ रिकामी आहे, ती धरली त्यांनी. म्हणजे मोजणीत चूक त्यांचीही होते.
लगेच फोन करून सांगणार होतो. नंबर लावला, कट केला. आज नको. त्यांना फोन करायला कारण म्हणून माझ्याकडे आता एवढंच आहे.